मनाचे दुखणे आणि नात्यातला निवाडा



दीक्षा घेतल्यावर आपली पहिली झुंज परक्यांशी झाली नाही. ती घरातच झाली. देव्हारा उतरवला तेव्हा मामा म्हणाले, हे चार दिवसांचे खूळ आहे. आत्या म्हणाली, पोराला कोणीतरी भडकवले आहे. लग्नाच्या पंगतीत चुलते पाठ फिरवून बसले. तुमच्या मनात काय चालले आहे हे तुमच्यापेक्षा आपल्यालाच अधिक कळते, अशी त्या सर्वांची खात्री होती. तरीही तुम्ही थांबला नाहीत. नातेवाइकांनी होकार दिल्यावरच सत्य हे सत्य ठरते, असे तुम्ही मानले नाही.

आज मी जो प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो आहे, तो याच अनुभवाला लागून आहे. घरातल्या एखाद्याचे मन आजारी पडते. त्याला रात्र रात्र झोप लागत नाही. घास तोंडात फिरतो. छाती धडधडते, हात कापतात. किंवा कोणी बोलत नसताना त्याला आवाज ऐकू येतात. कित्येक दिवस धीर गोळा करून तो आपल्या माणसांना ते सांगतो. आणि आपली माणसे म्हणतात, ‘तुले काय व्हयनं? काही झालेले नाही तुला.’ अशा वेळी त्याने काय करावे? वडीलधाऱ्यांचा शब्द मानावा, की स्वतःच्या दुखण्याची साक्ष मानावी?

हा प्रश्न दोन-चार घरांपुरता नाही. २०१५-१६ साली बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. दर शंभर प्रौढ माणसांमागे दहाहून थोडी अधिक माणसे त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने आजारी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते, असे तीत आढळले. म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या वस्तीत हे दुखणे अनेक उंबऱ्यांच्या आत आहे. फक्त ते दाराबाहेर येत नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, मग ते नवापूर-शहादा असो की सातपुड्यातले धडगाव-मोलगी, या माणसाला तीन प्रकारची उत्तरे ऐकावी लागतात. ती एकेक तपासून पाहू.

पहिले उत्तर जुने आहे. ‘बाहेरचे झाले आहे, भगताकडे न्या.’ मग उतारे, गंडेदोरे, कोंबडे, धुरी. कधी कधी याहून वाईट घडते. गावात एखाद्या बाईवर डाकीण म्हणून बोट रोखले जाते आणि एका आजारी माणसाच्या पायी दुसऱ्या निरपराध बाईचे आयुष्य उद्ध्वस्त होते. बौद्ध झालेल्या घराने हा रस्ता तत्त्वतः सोडलेला आहे. परंतु तत्त्व सोडणे आणि भीती सुटणे यांत अंतर असते. घरातली म्हातारी माणसे रात्री गुपचूप लिंबू उतरवतात, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांना एवढेच सांगा की महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, हा आता गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. इतकी किंमत देऊन आलेला कायदा आपल्या वस्तीत माहीत तरी असावा.

दुसरे उत्तर असे : ‘ढोंग आहे. कामाचा कंटाळा आहे. पोटाला चिमटा बसला की सगळे ठीक होईल.’ हे उत्तर कष्टकरी घरांत विशेष ऐकू येते आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबात दोन हात कमी पडले, तर उचल फिटत नाही. ज्यांनी ताप अंगावर काढून मोळ्या वाहिल्या, त्यांना न दिसणारे दुखणे हे दुखणेच वाटत नाही.

पण दिसत नाही म्हणून दुखणे खोटे ठरते का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने शोधलेले आहे. इथल्या भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेलचा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. त्या मुलाची हाडे ठणकतात, त्याला दम लागतो, पण बाहेरून पाहणाऱ्याला ना जखम दिसते ना सूज. अशा मुलांना आळशी, कामचुकार, बाधा झालेले म्हणणारे लोक थोडे नव्हते. पुढे रक्ताची तपासणी गावापर्यंत आली. रक्तातल्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक नसांत अडकतात, हे कळले. मुलगा तोच, वेदना तीच. फक्त आपल्या अज्ञानाचा पडदा बाजूला झाला. मनाच्या आजारांसाठी अजून अशी रक्ताची साधी तपासणी नाही. त्यामुळे तिथे डॉक्टरला माणसाचे बोलणे नीट ऐकून, त्याची झोप, भूक, वागणे पाहूनच निदान करावे लागते. चाचणी नाही म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढणारा माणूस सिकलसेलची तपासणी गावात येण्यापूर्वीच्या काळात उभा आहे.

आता तिसरे उत्तर. याच्याविषयी अधिक बोलले पाहिजे, कारण ते आपण स्वतः तयार केले आहे. ‘तू बौद्ध ना? मग मनावर ताबा कसा नाही? दुःख तृष्णेतून येते, तृष्णा सोड. ध्यानाला बस. बाबासाहेबांनी केवढे सोसले, आणि तू एवढ्याशाने खचतोस?’ जुन्या घरात भगत जे काम करी, ते नव्या घरात हे वाक्य करते. दोन्ही ठिकाणी आजारी माणसाचे ऐकून घेतले जात नाही. फरक एवढाच की भगताच्या निवाड्यात दोष बाहेरच्या भुताचा असे. या निवाड्यात दोष आजाऱ्याच्या चारित्र्याचा ठरतो. मला विचाराल तर हा दुसरा निवाडा अधिक निर्दय आहे.

आणि तो धम्माला धरूनही नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनी रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत, शरीराचा आणि मनाचा. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी राहिलेली माणसे सापडतील, पण अर्हतांखेरीज क्षणभर तरी मनाने पूर्ण निरोगी असलेला माणूस दुर्मिळ, असे त्यांचे म्हणणे आहे. तेथे त्यांना लोभ, द्वेष, मोह हे विकार अभिप्रेत आहेत, वैद्यकाचे निदान नव्हे, हे मान्य. तरीही जो हे वचन समजला, तो दुसऱ्याच्या आजारी मनाकडे बोट दाखवताना आधी स्वतःकडे पाहील.

संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणसाला जे जे सुखदुःख भोगावे लागते ते सारे पूर्वीच्या कर्माचे फळ असते काय? तथागत हे मत नाकारतात. पित्त, कफ, वात, या तिहींचा मेळ, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, अशी कारणे ते मोजून सांगतात आणि कर्माला त्या यादीत केवळ एक जागा देतात. जो प्रत्येक वेदना कर्माच्या माथी मारतो, तो स्वतःच्या अनुभवालाही सोडतो आणि जगाच्या अनुभवालाही, असा त्याचा आशय आहे. तेव्हा ‘तुझे तूच भोगतो आहेस’ हे वाक्य निदान बुद्धाच्या नावावर कोणी खपवू नये.

विनयपिटकातली भिक्खू गग्गाची हकिगत तर प्रत्येक बौद्ध घरात सांगितली गेली पाहिजे. गग्गाला वेडाचा आजार होता. त्याला उपोसथाची कधी आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. संघाने काय केले? त्याला हाकलले नाही. ‘तू नाटक करतोस’ असेही म्हटले नाही. तो आजारी आहे अशी रीतसर मान्यता संघाने दिली आणि तो आला तरी वा न आला तरी उपोसथ चालेल असे ठरवले. पुढे तो बरा झाला, तेव्हा काही भिक्खू आजारपणातल्या वागण्यावरून त्याला टोचू लागले. तथागतांनी ते थांबवले आणि आजारपणातल्या कृत्यांचा दोष त्याच्यावर उरणार नाही असा नियम घालून दिला. विनयाच्या नियमांतही उन्मत्त अवस्थेत घडलेल्या कृत्याला अपराध मानलेले नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी एका संघाला जे जमले, ते आपल्या चार खोल्यांच्या घराला जमू नये काय?

मात्र त्याच नियमाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. शुद्धीवर असताना, आठवत असताना जो वेडाची सबब सांगतो, त्याला ही मोकळीक नाही, असेही विनय सांगतो. म्हणजे आजाराने जे बळ हिरावले आहे त्याचा जाब कोणी मागू नये. पण जे बळ शिल्लक आहे त्याची जबाबदारी आपलीच. तुम्ही आजारी असाल तर हे ध्यानात ठेवा. अंथरुणातून उठवत नसेल तर तो तुमचा दोष नाही. उठवत असूनही लेकराशी बोलणे टाळाल, तर त्याचा विचार तुम्हाला करावा लागेल. ही सीमारेषा रोज थोडी सरकते. ती प्रामाणिकपणे तुम्हीच ओळखू शकता, म्हणून तर तुमच्या शब्दाला मान मिळाला पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नातेवाईक मानत नाहीत, तर काय करावे?

दीक्षेच्या वेळी तुमचे मन खंबीर होते. आजारात मनच दुखावलेले असते. त्यामुळे घरातल्यांचे ‘काही झालेले नाही’ हे वाक्य आत शिरते आणि आपणही तेच म्हणू लागतो. शिवाय आजार कधी खोटेही बोलतो. उदासीचा आजार म्हणतो, तू सगळ्यांना ओझे आहेस. उन्मादाचा आजार म्हणतो, मला काही झालेले नाही, बाकीचेच मूर्ख आहेत. त्या वेळी घरातली माणसे बरोबर असतात आणि आजारी माणूस चुकत असतो. म्हणून घरचे आणि आजारी यांपैकी कोणाचा आवाज मोठा, यावर निवाडा होऊ नये. तिसरे माप हवे. ते माप म्हणजे शिकलेला डॉक्टर. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा केवळ वडीलधाऱ्यांच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, ही कालामांना दिलेली शिकवण इथे लागू पडते. तपासायला परवानगी लागत नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे : नातेवाइकांची खात्री पटवणे आणि उपचार घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले होईपर्यंत दुसरे अडवून ठेवू नका. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. तेही दूर पडत असेल तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतूनही मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी रक्तक्षय आणि थायरॉईड तपासून घेण्यासही हरकत नाही. त्यांच्या बिघाडानेही मन खचते.

दुसरे : औषधाच्या पहिल्या महिन्याला सांभाळा. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण साधारण दोन ते सहा आठवड्यांनी दिसू लागतो. मळमळ, सुस्ती यांसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. नेमके याच दिवसांत घरचे म्हणतात, ‘पाहा, गोळ्यांनी आणखी बिघडले.’ हे आधी माहीत असले तर त्या वाक्याचा धक्का बसत नाही. त्रास झाला तर डॉक्टरला सांगा, पण कोणाच्या टोमण्यावरून गोळ्या एकदम बंद करू नका.

तिसरे : ध्यान चांगलेच आहे, पण ते औषधाच्या जागी ठेवू नका. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या विपश्यना केंद्रांच्या प्रवेश-अर्जातच मानसिक आजाराची विचारणा असते, आणि गंभीर आजार असलेल्यांना दहा दिवसांचे शिबिर करू नये असे सांगितले जाते. जे लोक ध्यान शिकवतात तेच ही मर्यादा पाळतात, मग आपण ती का ओलांडावी?

चौथे : साऱ्या गोतावळ्याला पटवण्याच्या भरीला पडू नका. एक माणूस शोधा. ती वहिनी असेल, शाळेतले गुरुजी असतील, आशाताई असतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला एक मोठा अधिकार दिला आहे. उपचारांच्या बाबतीत आपल्या वतीने कोणी बोलावे, तो प्रतिनिधी तुम्ही स्वतः निवडू शकता. साध्या कागदावर लिहून सही वा अंगठा केला की पुरे. तो माणूस सज्ञान हवा. नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. त्याच कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. त्या साखळ्यांनी बांधलेली माणसेही कोणाची तरी लेकरे होती.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे : जीव नकोसा वाटू लागला तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. थट्टा करणाऱ्याला सांगू नका, ऐकणाऱ्याला सांगा. आणि घरच्यांनो, फवारणीचे औषध कुलपात ठेवा. पटो वा न पटो, एवढे तरी करा.

मग आईवडिलांविषयीच्या कर्तव्याचे काय? सिगालाला तथागतांनी सहा दिशांचा उपदेश केला, त्यात मुलांचे कर्तव्य आहे तसे आईबापांचेही आहे; प्रत्येक नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. आदर म्हणजे त्यांच्या अज्ञानापुढे आपला जीव ठेवणे नव्हे. ते का नाकारतात हेही समजून घ्या. धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल ही भीती असते. दवाखान्याचा खर्च असतो. ‘आमच्या हातून काय चुकले’ हा सल असतो, आणि तो सल सोसवत नाही म्हणून आजारच नाकारला जातो. हे समजले की राग कमी होतो. करुणा त्यांच्यावरही करावी. परंतु करुणा करणे वेगळे आणि त्यांचा निवाडा मान्य करणे वेगळे. ‘बाबा, तुम्हाला पटत नाही हे मला कळते. मी तुमच्याशी वाद घालणार नाही. पण गोळ्या मी घेणार आहे,’ एवढे शांतपणे म्हणता येते. रोज म्हणावे लागले तर रोज म्हणा.

आता दोन शब्द नातेवाइकांशी. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा होईपर्यंत धुळ्याचाच भाग होता, म्हणजे ते आपल्याच मुलखातले. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनियाचा आजार होता. त्यांनी तो नाकारला नाही, लपवलाही नाही. पुण्यात या आजाराच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी संस्था उभी केली, आणि २००४ साली आलेल्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटामागेही तेच उभे राहिले. आपल्याजवळ त्यांच्याइतके शिक्षण नसेल, पैसा नसेल. पण त्यांनी सर्वांत आधी जी गोष्ट केली तिला पैसा लागत नाही : घरातले माणूस आजारी आहे, हे त्यांनी मानले.

पटाचारेची कथा तुम्ही ऐकलेली आहे. नवरा, दोन्ही मुले, आईबाप, भाऊ, सारे गमावून ती भान हरपून फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून ढेकळे मारत. ती जेतवनात शिरली तेव्हाही लोक तिला अडवू लागले. तथागत म्हणाले, तिला येऊ द्या. त्यांच्या शब्दांनी ती भानावर आली, तेव्हा कोणी तरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. मग तिचे ऐकून घेतले गेले आणि उपदेश त्यानंतर आला. हा क्रम विसरू नका. आधी जवळ येऊ देणे, मग अंगावर वस्त्र, मग ऐकणे, आणि शेवटी शहाणपणाच्या गोष्टी. आपण नेमके उलटे करतो. हीच पटाचारा पुढे भिक्खुणींमध्ये विनयाची श्रेष्ठ जाणकार ठरली.

आजारी असणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात ढेकळे मारणारे दहा असतील. उपरणे टाकणारा एक शोधा. तो सापडेपर्यंतही गोळ्या चुकवू नका, दवाखान्याची तारीख चुकवू नका. आणि उद्या दुसऱ्या कोणाचे मन दुखावले, त्याला कोणी हसले, तर उपरणे तुम्ही टाका.

जय भीम!